नोकरी टिकली तर कबड्डी टिकेल

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की कोटींचे आकडे मोबाइलवर फिरायला लागतात. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांच्या वर बोली लागली, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. पण लीगमध्ये संघ 12. लालबाग-परळच्या, सांगली-रत्नागिरीच्या मंडळांत घाम गाळणारी बाकीची पोरं कशाच्या जोरावर खेळतात?

आजवर उत्तर एकच होतं. नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा. आपल्या स्पर्धांतला ‘व्यावसायिक गट’ म्हणजे हेच संघ. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, स्पर्धा आली की रजा. 1990 मध्ये बीजिंगला कबड्डी एशियाडमध्ये आली आणि लीग सुरू झाली 2014 मध्ये. मधल्या काळात सुवर्णपदकं आणणारे आपले खेळाडू कुठल्या ना कुठल्या खात्याच्या पगारावरच घर चालवत होते. त्यांना अर्धेमुर्धे व्यावसायिक म्हणून कमी लेखणं मला अजिबात पटत नाही. पगाराची खात्री होती म्हणून तर ते बिनधास्त पकडीत घुसायचे!

आता बऱ्याच ठिकाणी कायम नोकरीऐवजी वर्षभराचा करार आणि महिन्याचं मानधन मिळतं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की ऑपरेशन, पुढे कित्येक महिने घरी, आणि तोवर करार संपलेला. चोविसाव्या वर्षी हातात ना पदवी, ना अनुभवाचा दाखला. सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यात सगळेच खेळ आले. शिवाय भरती निघायला हवी आणि प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत व्हायला हवी.

मुलींचं तर विचारूच नका. त्यांच्यासाठी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी लीग झाली. प्रो कबड्डीने पुन्हा तशी भरवली नाही. म्हणजे मुलीसाठी कबड्डीतली कमाई म्हणजे नोकरीच. ‘खेळून नोकरी लागते’ एवढ्या एका भरवशावर कितीतरी आईबाप मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : संघ उतरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने निदान तीन वर्षांचा करार करावा आणि दुखापतीचा खर्च स्वतः उचलावा. आणि ज्या कंपन्यांचे फक्त पुरुषांचेच संघ आहेत, त्यांनी येत्या हंगामात मुलींचाही संघ उभा करावा.