तो मावणार नाही

कोपराची खपली आता पडायला आली, पण तो एक निरोप डोक्यातून जात नाही. निरोपावर नंतर येतो. आधी मी भर मैदानात पालथा का पडलो होतो ते सांगतो, कारण त्या सकाळी तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला तेच जाणून घ्यायचं होतं.

फोटोत मित्राला माझ्या तळहातावर उभं करायचं होतं. फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते, म्हणजे जवळ-लांबच्या अंतराचा फायदा घेऊन आकाराची फसवणूक. नवशिक्यांनी पहिला फोटो हाच काढायचा असतो.

हिशेब साधं त्रैराशिक आहे. १७० सेंटिमीटरचा माणूस हातावर १० सेंटिमीटरचा दिसायला हवा, म्हणजे १७ पट लहान. मग तो हाताच्या १७ पट लांब हवा. ताणलेला तळहात लेन्सपासून ६० सेंटिमीटरवर येतो, म्हणून मित्र १० मीटर २० सेंटिमीटरवर. टेपने मोजायचं. अंदाजाने ‘जा जरा मागे’ करत बसलं की तो पाच मीटरवरच थांबतो आणि हातावर वीतभर होऊन बसतो. वीतभर माणूस हातात गंमतीचा दिसत नाही, चुकीचा दिसतो.

हाच १७चा आकडा मग सूड उगवतो. तुमचा हात एक सेंटिमीटर हलला की तिकडच्या १७ सेंटिमीटरची वाट लागते. उलट बाजूने, मित्राने टाकलेलं ६० सेंटिमीटरचं एक पाऊल हातावर साडेतीन सेंटिमीटर भरतं. दोन पावलांत तो करंगळीवरून खाली. म्हणून मित्राला हलवायचंच नाही. त्याच्या पायाशी खूण करून त्याला खिळवायचं आणि जुळवाजुळव आपल्या हाताने करायची. नाहीतर ‘डावीकडे’ म्हणजे कुणाच्या डावीकडे, यावर दहा मीटरवरून जो संवाद होतो त्यात मैत्री राहत नाही.

फोकस हे दुसरं दुखणं. हात आणि मित्र दोघंही रेखीव हवेत. एक जरी धुरकट झाला तरी डोळ्याला अंतर कळतं आणि सोंग उघडं पडतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, २४ मिलिमीटर लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १६ (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक अगदी बारीक), आणि फोकस ना हातावर ना मित्रावर, तर मधल्या १ मीटर २० सेंटिमीटरवर. मग ६० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. तेच ५० मिलिमीटर लेन्सने करायला गेलात तर एफ १६लाही अडीच मीटरच्या अलीकडचं सगळं मऊ पडतं, म्हणजे तळहात गेलाच. फोनवर काढत असाल तर पोर्ट्रेट मोड आधी बंद करा. मागचं पुसणं हेच त्याचं काम, आणि इथे मागे मित्र आहे.

आता पालथं पडण्याचं. उभ्याने काढलं की क्षितिज मित्राच्या डोळ्यांजवळून जातं आणि त्याच्या मागेपुढे सगळी जमीन दिसते. जमीन फितूर असते, कोण किती लांब आहे ते ती लगेच सांगून टाकते. कॅमेरा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणला की क्षितिज मित्राच्या नडगीपाशी उतरतं, मागे नुसतं आभाळ उरतं आणि उरलेली जमीन तळहाताआड जाते. बुटांचे तळ हाताच्या कडेने जेमतेम झाकायचे. फट राहिली की माणूस तरंगतो. दिवस ढगाळ बघायचा, कारण उन्हात मित्राची सावली हातावर न पडता मातीत पडते. मात्र ढगाळ म्हणजे भर उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप उजेड कमी, म्हणजे तीनदा निम्मा. एफ १६ला शटर १/१०० सेकंद ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८००पर्यंत चढवावा लागतो.

तर कॅमेरा पिशवीवर, उजवा हात बटणावर, डावा पुढे भिक्षा मागितल्यासारखा. आणि वरून आवाज.

“काय हरवलं का हो?”

पांढरे बूट, फिरायला निघालेले काका.

“नाही काका, फोटो काढतोय.”

“कुणाचा?”

“तो तिकडे उभा आहे ना, त्याचा.”

“मग त्याला जवळ बोलवा की. भांडलात का?”

“माझ्या हातावर उभा करायचाय त्याला.”

काकांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं. मग मित्राकडे. मग पुन्हा तळहाताकडे, या वेळी चष्मा सारखा करून.

“तो मावणार नाही.”

मी म्हटलं, तसं नाही, इथे खाली वाका, एक डोळा मिटा आणि लेन्सच्या जागेवरून बघा.

“देवाने दोन दिलेत, एक कशाला मिटू?”

आता यात दुर्दैव असं की प्रश्न मुद्द्याचा होता. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, त्यांच्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ताडतो. कॅमेरा एकडोळ्या आहे म्हणूनच फसतो. पण हे पालथं पडून, दुखऱ्या मानेने, पांढऱ्या बुटांना सांगता येत नाही. शिवाय काकांना आता विषय समजला होता.

“हात वर घ्या. अजून. थोडा इकडे. अजून. हां! आता बरोब्बर उभा आहे बघा हातावर!”

उभा होता. काकांच्या जागेवरून अगदी चपखल उभा होता. माझ्या फ्रेममध्ये तेव्हा मित्र होता, आभाळ होतं, फक्त हात नव्हता. या प्रकाराचं हेच आहे, तो एकाच बिंदूवरून खरा असतो, आणि बाकी साऱ्या मैदानाला दोन खुळे दिसतात: एक लोळणारा, एक विनाकारण ताठ उभा.

मोठी लेन्स लावून पक्षी टिपणारा असला की हेच लोक चवड्यांवर वळसा घालून जातात. जमिनीवर पडलेला माणूस मात्र सार्वजनिक मालमत्ता. तासाभरात चौघांनी विचारलं, एकाने पाणी देऊ का म्हटलं. आणि दर वेळी मित्र खुणेवरून हलला, कारण त्याला तिकडून ऐकू येत नव्हतं.

हीच फसवणूक दगडातही झाली आहे. रोममधल्या पलात्झो स्पादा या वाड्यात वास्तुविशारद बोरोमिनीने १६५०च्या दशकात खांबांचा एक मार्ग बांधला. जेमतेम नऊ मीटरचा, पण भासतो त्याच्या सुमारे चौपट लांब. आत जाताना खांब बुटके होत जातात, जमीन चढत जाते, छत उतरत येतं. टोकाचा पुतळा पुरुषभर वाटतो, असतो साधारण ६० सेंटिमीटरचा. पण एखादा माणूस आत चालत गेला की संपलं, तो पावलागणिक वाढत जातो आणि सगळी फसवणूक चव्हाट्यावर येते.

माझ्याकडेही शेवटी काका चालत गेले. “मी सांगतो त्याला,” म्हणत थेट मधे, तीन मीटरवर थांबले, आणि मी चिडून बटण दाबलं. २० सेंटिमीटर उंचीवरच्या लेन्समधून मित्राचं डोकं तीन मीटरवर बरोबर ६४ सेंटिमीटर उंचीला येतं. काकांचा हात सैल सोडलेला, बोटांची टोकं तिथेच. फोटोत त्यांनी माझ्या मित्राला शेंडीला धरून उचललंय. निष्काळजी, रुबाबदार, जणू बाजारातून येताना मुळ्याची जुडी आणावी तसा. फोकस लख्ख. फट नाही, सावली नाही. माझ्या एकूण ४६ फोटोंत जमलेला एकच, हा.

काकांनी मागून घेतला. रात्री निरोप आला:

“फोटो झकास. घरी सगळ्यांना आवडला. फक्त खाली कुणाचा तरी हात मधेच आलाय, तेवढा कापून पाठवा.”