पट्टी कुणाची?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका, राग नाही.

जुनी गाणी ऐकणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काल रात्री मी त्यावर अमेरिकन सोल गायक रे चार्ल्स आणि जॅझकडची गायिका नोरा जोन्स यांचं 'हिअर वी गो अगेन' टाकून झोपले. रेच्या शेवटच्या, डुएटच्या रेकॉर्डमधलं. उठून बघते तर एका ज्येष्ठ सभासदांचं प्रवचन. म्हणे सोल गाणाऱ्याने सोल गावं, कंट्रीवाल्याने कंट्री, जॅझवालीने जॅझ. म्हातारपणी डझनभर नावं गोळा करून डुएट करायचे म्हणजे कॉफीच्या दुकानात खपवायचा माल. आणि शेवटी 'घराण्याची शुद्धता' हे दोन शब्द, हात जोडलेल्या इमोजीसकट. त्याला एकवीस अंगठे!

घराणं? सोलचं?

अहो, काळ्या अमेरिकनांचं हे सोल म्हणजे मुळातच सरमिसळ आहे. १९५४ साली याच रे चार्ल्सने चर्चमधल्या भक्तिगीताची चाल उचलली आणि त्यावर एका बाईचं गाणं रचलं, 'आय गॉट अ वुमन'. भाविक मंडळी खवळली. देवाची चाल नाचगाण्याला लावली म्हणून नावं ठेवली. आज त्याच गाण्याला सोलचा पाया म्हणतात, आणि सत्तरेक वर्षांनी पुण्यात बसून हे काका त्या पायाची शुद्धता राखतायत.

मला राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते आणि गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आमचं गाव कोल्हापूरकडचं. १९९४च्या गणपतीत मागच्या गल्लीतला बेंजो पार्टीतला पोरगा रात्री दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून, बेंजो पोटाशी धरून. म्हणाला, "काका, एकदा माझ्यासंगट वाजवा की." बेंजो म्हणजे आपल्याकडचा, तारा आणि वर बटणं असलेला; बेंजो पार्टी म्हणजे वरातीत वाजवणारी, आणि आप्पा म्हणजे अभंगवाले. आईने आतूनच भांडं आपटलं. आप्पा म्हणाले, "सूर जुळव आधी."

तर रे चार्ल्स. काकांचा समज असा, की हे डुएटचं खूळ त्याला मरताना सुचलं. १९६१ साली त्याने बेटी कार्टरबरोबर अख्खी रेकॉर्ड केली होती, ती तर पक्की जॅझवाली. पुढच्याच वर्षी कंट्री गाण्यांची रेकॉर्ड काढायची म्हणाला तेव्हा कंपनीतल्या लोकांना घाम फुटला, की काळ्या गायकाने गोऱ्या खेडुतांची गाणी गायली तर आहेत ते ऐकणारेही जातील. पण काय गायचं ते ठरवायचा हक्क त्याने करारातच घेऊन ठेवला होता. ती रेकॉर्ड चौदा आठवडे पहिल्या नंबरावर होती. हा लहानपणी फ्लोरिडात शनिवारी रात्री रेडिओला कान लावून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम ऐकायचा. सातव्या वर्षापर्यंत नजर पूर्ण गेलेली. त्याला गाणं काळं की गोरं ते कुणी दाखवायचं?

आणि तरीही कंट्रीवाल्यांच्या स्वतःच्या यादीत पहिला नंबर यायला त्याला १९८५ उजाडलं. 'सेव्हन स्पॅनिश एंजल्स', विली नेल्सनबरोबर. १९८४च्या 'फ्रेंडशिप'मधलं ते गाणं. त्याच रेकॉर्डवर जॉनी कॅश आहे, मर्ल हॅगार्ड आहे, जॉर्ज जोन्स आहे. तेवीस वर्षं दाराबाहेर थांबवलं आणि आत घेतलं तेही कुणाच्या तरी हाताला धरून आला तेव्हा. हे वाचून कुणाला आपल्याकडचं काही आठवलं तर आठवू दे, मी बोलत नाही.

बेंजोवाल्याला दाराबाहेर नव्हतं थांबवलं, एवढं मात्र खरं. आप्पांनी त्याला सोप्यात बसवलं. पण पेटीचे सूर काही हलवता येत नाहीत, पट्ट्या असतात तिथेच असतात. हलवायचं ते बेंजोने. आप्पांनी भाता हलवत काळी चार धरून ठेवली आणि तो पोरगा खिशातून छोटी चावी काढून एकेक खुंटी पिळत बसला. त्याचा बेंजो बराच खाली लावलेला. पिळता पिळता एक तार ताडकन तुटून त्याच्या अंगठ्याला लागली. त्याने अंगठा तोंडात घातला, दुसऱ्या हाताने नवी तार काढली, परत सुरुवात. मी दहावीत होते, उंबऱ्यावर बसून बघत होते. साडेबारा वाजले तेव्हा कुठे दोन वाद्यं एकमेकांना ओळखायला लागली.

तेव्हापासून कुठलाही डुएट ऐकला की मी पहिलं हेच बघते: पट्टी कुणाची, आणि तारा कुणी पिळल्या.

म्हणूनच मला रेची ती शेवटची रेकॉर्ड, 'जीनियस लव्हज कंपनी', आवडते. बारा गाणी, बारा पाहुणे. विली नेल्सन, बी. बी. किंग, डायना क्रॉल, एल्टन जॉन, व्हॅन मॉरिसन, बॉनी रेट, प्रत्येकाचा गावच वेगळा. फ्रँक सिनात्राने १९९३ मध्ये असलाच डुएटचा घाट घातला, तेव्हा बहुतेकांनी आपापल्या गावी बसून आवाज फोनच्या तारेवरून पाठवले. गंमत म्हणजे फिल रॅमोन हा निर्माता दोन्हीकडे होता. पण रेच्या वेळी लोक आले, बहुतेक सगळे त्याच्याबरोबर एका खोलीत उभे राहून गायले. माणूस आजारी, यकृत गेलेलं, आवाजाला चिरा पडलेल्या. नोराबरोबरच्या गाण्यात तो ओळ टाकून थांबतो ना, ते ऐका. तिला जागा करून देतो. १९६७ला हे गाणं त्याने एकट्याने गाऊन गाजवलं होतं, म्हणजे घर त्याचं, पट्टी त्याची, सगळं त्याचं. आणि तरी त्र्याहत्तरीकडे निघालेला हा माणूस चोविशीतल्या पोरीसाठी सरकून बसतो. ती पण शहाणी. ओरडत नाही, त्याच्या आवाजाला आवाज लावून हळू चालते, वडीलधाऱ्याचा हात धरून जिना उतरावा तशी.

१० जून २००४ला तो गेला. रेकॉर्ड आली ३१ ऑगस्टला. पुढच्या फेब्रुवारीत आठ ग्रॅमी. पहिला नंबरही मिळाला, जो त्याला त्या १९६२च्या कंट्री रेकॉर्डनंतर कधीच मिळाला नव्हता.

बरं, ठीक आहे. स्टारबक्सच्या कंपनीने ती काढायला हात लावला होता आणि कॉफीच्या काउंटरवर ती विकली गेली, हे खरं. त्यातली काही गाणी इतकी गुळगुळीत आहेत की व्हायोलिनांच्या पाकात माणूस दिसत नाही, हेही खरं. माणूस गेल्यावर बक्षिसं जरा सैल हाताने वाटली जातात, तेही मान्य. झालं? पण काका, आपल्याकडे मैफलीच्या मागच्या पडद्यावर गुटख्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांची नावं असतात, तेव्हा नाही वाटत राग शुद्ध राहिला का म्हणून?

जास्त बोलले. राहू दे, खोडत नाही.

आता आप्पांचं पुढचं. विसर्जनाच्या आदल्या रात्री मांडवात दोघं वाजवायला बसले. एक अभंग. खोटं कशाला सांगू, फार ग्रेट झालं नाही. पोराचा हात वरातीत तयार झालेला, तिसऱ्या कडव्याला लय सुसाट सुटली आणि आप्पा मागे राहिले. पण मधे एक जागा अशी आली, की पेटी नुसती सूर धरून राहिली आणि बेंजोने ओळ म्हटली. मांडवात बायका बोलायच्या थांबल्या. दहा-पंधरा सेकंद असतील, जास्त नाही.

भजनी मंडळाने मात्र फुगायचं ते फुगून घेतलं. भांडण नाही, काही नाही. फक्त दोन एकादशा बोलावणं आलं नाही. पेटी दुसऱ्याच कुणीतरी वाजवली, तीही बेसूर. तिसऱ्या एकादशीला बोलावलं. आप्पा गेले. आणि त्या पोराबरोबर परत कधी बसले नाहीत. तो दोन-तीनदा आला होता. "बघू रे," म्हणायचे. शेवटी यायचा थांबला. आता त्याचा डीजे आहे म्हणे.

हे मी आज पहिल्यांदा लिहितेय आणि आत्ता कळतंय की मी काकांवर एवढी का चिडले. ते एकवीस अंगठे बघून मला मंडळ आठवलं. आणि खरं सांगायचं तर आप्पांवरही माझा थोडा राग आहे, अजून. कंडक्टरची नोकरी, गावात राहायचं, वर्षातून चोवीस एकादशा, हीच त्यांची एक आवड. कळतं मला सगळं. तरी आहे.

२००५ मध्ये पहिल्या पगारातून मी रेच्या त्या रेकॉर्डची सीडी घेतली आणि सुट्टीत गावी नेली. आप्पा रिटायर झालेले. नोरा जोन्सबद्दल सांगितलं, तर "रविशंकरांची लेक होय?" म्हणून जरा सावरून बसले. गाणं सुरू झालं. शब्द काही कळत नव्हते त्यांना. अर्ध्यात मला म्हणाले, "मागं पेटी कोण वाजवतंय गं?"

ते हॅमंड ऑर्गन आहे, विजेवर चालणारं, पेटीसारखंच पट्ट्यांचं वाद्य. बिली प्रेस्टनने वाजवलंय, जो पोरगेलेसा असताना रे चार्ल्सच्याच ताफ्यात होता. एवढे दोन नामी आवाज पुढे असताना आप्पांचा कान त्या मागच्या पेटीवर गेला, जी कुठे मधे येत नाही आणि दोघांच्याही पाठीशी आहे.

गाणं संपलं तसं म्हणाले, परत लाव. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा उठले, खोक्यातून पेटी काढली, कापडाने पुसली आणि एका बोटाने सूर शोधायला लागले. सापडला, पण जुळेना. आमची पेटी किंचित चढी, सीडी आपल्या जागी. आप्पा शेजारची पट्टी दाबून बघतात, परत मागे येतात, मान हलवतात. असं दोन-तीनदा झालं आणि मग भाता सोडून हसायलाच लागले.

"हे दोघं काय आता तारा पिळणार व्हय?" म्हणाले. "त्यासाठी तेच पोरगं पायजे."