थुंकीने बुबुळ बरं होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय. ‘डोळ्यांचे रोग म्हणजे घटलेली प्रतिकारशक्ती’ असं त्याचं नाव. आत काय, तर शरीर बळकट असलं की जंतू डोळ्यात टिकतच नाहीत. पू येतो म्हणजे शरीर विष बाहेर टाकतंय, थांबवू नका. अँटिबायोटिक थेंबांनी डोळ्याची स्वतःची ताकद मरते. उपाय म्हणून सकाळी चूळ न भरता तोंडातली लाळ काजळासारखी डोळ्यात घाला. लाली फारच असेल तर घरात उरलेले जुने थेंब चालतील. खाली ‘एका नामवंत डॉक्टरांचा सल्ला’. नाव अर्थातच नाही.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. पण ऊसतोडीत मामाच्या डोळ्याला पाचट लागलं आणि मामीने हा मेसेज वाचून त्याला लाळ घालायला लावली. “अगं, थेंबांची सवय लागते म्हणतात, आणि हे तर आपलं घरचंच,” असं वर मलाच समजावलं. डोळा उघडेनासा झाला तेव्हा कुठे गाडी काढून डॉक्टर गाठला. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही. पण हे खोडायला तेवढं पुरे आहे.

आधी लाळच घेते. लाळेत लायसोझाइम नावाचं जंतुनाशक द्रव्य असतं, हे खरं. मेसेज लिहिणाऱ्याने ते कुठेतरी अर्धवट वाचलं असणार. पण ते अश्रूंतही असतं, आणि भरपूर असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने 1922 मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, त्याचा शोध जाहीर केला. प्रयोगांना अश्रू हवेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस टाकायचा. त्याला तेव्हाच दिसलं होतं की या द्रव्याने पटापट विरघळतात ते बहुतेक निरुपद्रवी जंतू. रोग करणारे बरेचसे त्याला दाद देत नाहीत. म्हणजे जे डोळ्यात आधीच आहे आणि एकट्याने पुरत नाही, ते तोंडातून उसनं आणायचं. आणि सोबत काय येतं? झोपेत लाळ कमी सुटते, तोंडातले जंतू रात्रभर माजतात, आणि नेमकी तीच शिळी लाळ उघड्या जखमेवर. डोळ्याच्या आत इंजेक्शन देताना डॉक्टर मास्क लावतात, बोलणं टाळतात, पेशंटलाही गप्प राहायला सांगतात. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू आत गेले तर डोळाच जाऊ शकतो म्हणून. इथे तर दिवसभर तंबाखू मळणाऱ्या माणसाची लाळ बोटाने थेट डोळ्यात!

आता प्रतिकारशक्ती. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पारदर्शक आहे कारण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्तातल्या लढाऊ पेशींना तिथे कडेकडून किंवा अश्रूंमधून यावं लागतं. खरी तटबंदी म्हणजे त्यावरचा अखंड, पातळ थर. पाचटाने फाटतो तो हाच. मग स्यूडोमोनाससारखा जंतू आत शिरला की न्यूट्रोफिल या लढाऊ पेशींची झुंड येते आणि जंतू मारायला जी विकरं (एन्झाइम) सोडते, त्यांनीच कॉर्निया ज्याचा बनलाय ते कोलॅजन प्रथिनही पचतं. जंतूंची विकरं वेगळीच. दोघं मिळून दोन-तीन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतात. ढेकूण मारायला खाट जाळावी तसं हे. मेसेजमधलं ‘बाहेर पडणारं विष’ म्हणजे बऱ्याच अंशी याच लढाईत मेलेल्या पेशी. लढाई जितकी जोरात, तितकं नंतर बुबुळावर पडणारं फूल, म्हणजे पांढरा डाग, मोठं.

म्हणून तर डोळा आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम आवरून धरतो. 1940 च्या दशकात पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने सशांच्या डोळ्याच्या आत परकी त्वचा बसवून पाहिली, तर इतरत्र झटकन नाकारली जाणारी ती त्वचा तिथे टिकली. खुपऱ्यांचं उदाहरण तर आपल्या आजीआजोबांच्या पिढीने पाहिलेलं. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, शरीर पुन्हा पुन्हा लढतं, त्या लढाईने पापणी आतून आकसते, केस आत वळून कॉर्निया घासतात. प्रतिकार होतो म्हणूनच दृष्टी जाते. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केलं. त्यामागे अँटिबायोटिक्स, शस्त्रक्रिया, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी-संडासाची सोय होती, काढे नव्हते.

‘थेंबांनी डोळ्याची ताकद मरते’ याला मी एकच उत्तर देते: भक्तपूर. नेपाळमधल्या या भागात सुमारे 35 हजार गावकऱ्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. बुबुळाला ओरखडा गेलेल्या 442 जणांना गावच्याच आरोग्य सेवकांनी तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम लावलं. 96 टक्के जखमा संसर्गाविना भरल्या. ज्यांचं मलम 18 तासांच्या आत सुरू झालं, त्यांच्यातल्या एकालाही अल्सर, म्हणजे बुबुळावर चिघळलेला व्रण, झाला नाही. उशिरा आलेल्यांत झाले. निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. मामासारखेच शेतातले लोक, आणि स्वस्तातलं मलम. लाळेच्या नादात मामाचे गेले ते हेच तास.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. साधे डोळे आले तर ते बहुतेकदा आपोआप जातात. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर आलेली साथ मुख्यतः विषाणूंची होती, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता. जिवाणूंनी आलेले सौम्य डोळेही अनेकदा आठवडा-दहा दिवसांत निवळतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा मुलाला अ जीवनसत्त्व कमी पडत असेल तर डोळा लवकर हार खातो, हेही खरं. पण ठणका, उजेड न सोसणं, धूसर दिसणं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका असेल, तर ते ‘डोळे आले’ नव्हे. तिथे वाट पाहायची नसते.

राहिले ते जुने थेंब. मेसेजमधला हा सर्वात निरागस दिसणारा सल्ला. घरात उरलेल्या बाटलीत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली झटकन उतरते, कारण ते प्रतिकारशक्तीलाच झोपवतं. जिच्या नावाने हा सगळा मेसेज लिहिला तिलाच. पाचट लागलेल्या डोळ्यात जिवाणूंइतकीच बुरशीची शक्यता असते, आणि बुरशीला याहून सोयीचं काही नाही. म्हणून डॉक्टर आधी बुबुळाची खरवड काचपट्टीवर घेऊन तपासतात आणि मगच काय घालायचं ते ठरवतात. जाताना आधी डोळ्यात जे जे घातलं ते सगळं सांगा, बाटली असेल तर ती सोबत न्या. लाळ घातली असेल तर तेही लाजेने लपवू नका. कुठले जंतू शोधायचे हे त्यांना त्यावरूनही कळतं.