चायनाटाउनबद्दलच्या त्या संदेशाविषयी खुलासा

‘सॅन फ्रान्सिस्कोतले कँटनी चिनी शंभर वर्षं आपल्याच वस्तीत राहिले, कारण त्यांना अमेरिकन व्हायचंच नव्हतं,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. हे खरं नाही.

कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगचौच्या परिसरातून आलेल्या या लोकांना नागरिकत्व मिळण्याची वाट कायद्यानेच बंद केली होती. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश नाकारला आणि चिनी माणसाला नागरिकत्व देऊ नये असं न्यायालयांना स्पष्ट बजावलं. त्याआधी, १८७५च्या कायद्यामुळे चिनी बायकांचं येणं जवळपास थांबलं होतं. मग कुटुंबं वसणार कशी?

नकोच होतं म्हणणाऱ्यांनी वाँग किम आर्क यांचा खटला तरी वाचावा. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले हे स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परतले, तेव्हा ‘तुम्ही नागरिक नाही’ म्हणून त्यांना अडवलं गेलं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १८९८ मध्ये जिंकले. अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक ठरतं, या तत्त्वाचा मोठा आधार आजही हाच निकाल आहे.

स्थलांतरितांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला थेट १९४३ मध्ये, तोही वर्षाला फक्त १०५ जणांच्या प्रवेशाच्या मर्यादेसह. असले संदेश पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.