नवले पुलाचा उतार आणि तात्यांची फाशी

"एकेका ड्रायव्हरला फाशी द्या म्हणतो मी!" तात्यांनी कप आपटला. तात्यांकडे सगळ्यावर हाच इलाज असतो. गेल्या आठवड्यात फाशी केबलवाल्याला होती.

"कुणाला देणार?" मिस्त्रींनी विचारलं. "13 नोव्हेंबर 2025 ला पुण्याच्या नवले पुलावर कंटेनर गाड्यांवर आदळून आठ माणसं गेली, त्यात कंटेनरचा ड्रायव्हरही होता."

तात्या क्षणभर गप्प. मग, "ते डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारून, गियर काढून येतात त्याचं काय?"

"येतात. का येतात ते विचारा. फेरीला डिझेल मोजून मिळतं, उरेल ते त्याचं. त्या पैशात पोरांची फी भरतो तो. फाशीच द्यायची तर मोजून देणाऱ्याला द्या की."

मिस्त्रींचा हात ग्रीसने काळा होता. त्याच बोटाने त्यांनी बाकड्यावर रेघ ओढली. "हा कात्रजचा नवा बोगदा. इथून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भूमकर पूल, नवले पूल. सगळा उतार. गियरमध्ये उतरलं तर इंजिन गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल मारलं की सगळा लोड ब्रेकवर. ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासणारे लायनर पकड सोडतात. त्यात इंजिनच बंद केलं, तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. मग दाबा पाय!"

"म्हणून तर वेगमर्यादा ताशी 60 ची 30 केली," सुन्या म्हणाला. तो डिलिव्हरी करतो, दिवसभर याच रस्त्यावर असतो.

"बरोबरच केलं. वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथाईवर येतो. पण बोर्ड वाचून ब्रेक गार होतो का? वरून 70 ने सुटलेला लोड खाली 30 वर आणायचा, म्हणजे आहेत ते लायनरही तिथंच जाळायचे. गाडी वरूनच हळू यायला हवी. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर बाजूला घ्या, वजन बघा, ब्रेक बघा, आणि त्याला त्याच्या भाषेत सांगा की पुढं उतार आहे, खालच्या गियरला उतर. राजस्थानातून पहिल्यांदा आलेल्या पोराला काय माहीत, की हा उतार थेट पुण्याच्या गर्दीत घुसतो!"

मला मिस्त्रींचं शंभर टक्के पटतं. नोव्हेंबर 2022 मध्ये इथंच एकाच वाहनाने कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही आपण याच बाकड्यावर न्यूट्रलवर बोललो होतो. तीन वर्षांनी पुन्हा तेच घडतं, तेव्हा एका ड्रायव्हरला शिव्या घालून भागत नाही. तो उतरायला लागण्याआधी त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं.

"ट्रकचं बोलताय, आमचं कोण बोलणार?" टपरीवरून मावशी म्हणाल्या. "माझी पोरगी स्कूटीवर कॉलेजला जाते. सर्व्हिस रोड मधेच संपतो, मग कंटेनरच्या शेजारून चालवायची. घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सर्व्हिस रोड सलग झाला, तर नऱ्हे-आंबेगावच्या बऱ्याच दुचाकी हायवेवर चढणारच नाहीत. याला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागत नाही, जागा ताब्यात घ्यावी लागते.

"शिस्त नाही, शिस्त!" तात्या पुन्हा उसळले. "हे डिलिव्हरीवाले बघा, कसेही घुसतात."

"तात्या, भूमकर पुलाखालून रोज उलट्या बाजूने कोण येतं?" सुन्याने विचारलं.

"मी कडेकडेने येतो."

"गणपतीची वर्गणीही कडेकडेनेच दिली होती तुम्ही. पावती पाचशेची, हातात दोनशे."

"ते तीनशे तुझ्या बापाकडून येणं होतं! माझी शिडी नेली ती अजून आणलेली नाही."

मग अर्धा तास शिडीच चालली. ती शेवटी कुणी मोडली यावर तीन मतं पडली आणि रस्त्याचा विषय पुन्हा निघालाच नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. दूध आणायचं राहिलं होतं. तात्यांनी स्कूटर सवयीने उलट्या बाजूला वळवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. तात्या खाली उतरले, इंजिन बंद केलं आणि स्कूटर हाताने ढकलत निघाले.

"तात्या, उतार आहे!" मिस्त्री ओरडले. "इंजिन बंद करून उतरू नका!"

मावशी हसून हसून चहा ओतायच्या थांबल्या.

"पहिली फाशी तुला, मिस्त्री!" तात्या वळून ओरडले.