‘वर्गीकरण सोडा, नावे पाठ करा’ या संदेशाला उत्तर

माझी भाची यंदा अकरावीला आहे आणि नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘जीवशास्त्रात पैकीच्या पैकी’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे, आणि महिन्याभरात तोच संदेश आणखी तीन पालकांनी मला पाठवला. सजीवांच्या वर्गीकरणाच्या अभ्यासाबद्दल त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. हा भाग अकरावीचा असल्यामुळे सोडला तरी चालतो. करायचाच असेल तर लक्षणे न वाचता शास्त्रीय नावांची यादी पाठ करावी, कारण ‘नावातच गट दडलेला असतो’. पंचसृष्टी पद्धत (सजीवांची पाच सृष्टींत विभागणी) कालबाह्य झाल्यामुळे ती वाचू नये. आणि हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) व संग्रहालये यांवर एक प्रश्न ठरलेलाच असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुले हा सल्ला प्रमाण मानून वह्या भरत आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारता येत नाही. औषधनिर्माण, कृषी अशा अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेशपरीक्षेसाठी, म्हणजे एमएचटी-सीईटीसाठी, अकरावीच्या जीवशास्त्रातील निवडक प्रकरणेच धरली जातात. जैवरेणू, श्वसन, मानवी पोषण, उत्सर्जन अशी ती प्रकरणे असून वर्गीकरणाचा त्यांत समावेश नाही. ज्याला केवळ सीईटी द्यायची आहे, त्याने हा भाग मागे ठेवला तर बिघडत नाही. मात्र संदेशात सीईटीचे नावही नाही. त्यातला गुणांचा हिशेब नीटचा आहे. नीटमध्ये जीवशास्त्राचे ९० प्रश्न ३६० गुणांसाठी असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नीट २०२४ साठी जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात जीवशास्त्राचा पहिलाच घटक सजीवांची विविधता आणि वर्गीकरण हा आहे. एका परीक्षेचा सल्ला दुसऱ्या परीक्षेच्या मुलांना देणे हे नुकसानच आहे.

दुसरा मुद्दा मात्र मला सर्वांत घातक वाटतो. भाचीने तिची वही माझ्यापुढे ठेवली. तांबड्या शाईने आखलेल्या तीन रकान्यांत दोनशेहून अधिक नावे होती, आणि ती एकही न चुकता म्हणून दाखवत होती. मी ‘इक्थिओफिस’ या नावावर बोट ठेवून गट विचारला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मावशी, ओफिस म्हणजे साप, म्हणजे सरीसृप.” संदेशाने शिकवलेली युक्ती तिने चोख वापरली होती आणि उत्तर चुकले होते. या नावाचा ग्रीक अर्थ ‘मासा-साप’ असा होतो, तर अशा प्राण्यांना मराठीत आपण देवगांडूळ म्हणतो. मासा, साप आणि गांडूळ असे तीन प्राणी नावांत आले, पण हा प्राणी त्यांपैकी कोणीच नाही. तो पाय नसलेला उभयचर आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतील ओल्या मातीत देवगांडूळ सापडते तेव्हा लोक त्याला साप समजून मारतात, ते त्याच्या सापासारख्या दिसण्यामुळे. त्याची ओलसर त्वचा आणि तीन कप्प्यांचे हृदय ही लक्षणे ज्याला ठाऊक आहेत, तोच त्याला बेडकाच्या वर्गात बसवू शकतो.

असे उदाहरण एकटे नाही. देवमासा सस्तन आहे, तारामासा कंटकचर्मी (काटेरी त्वचेचा) आहे, जेलीफिश निडारिया या संघात, म्हणजे प्राण्यांच्या एका मोठ्या गटात, येते आणि इंग्रजीत सिल्व्हरफिश म्हणतात ती जुन्या पुस्तकांना लागणारी कसर म्हणजे कीटक आहे. याउलट, नावाने घोडा असलेला समुद्रघोडा खरोखरच अस्थिमत्स्य आहे. तारामाशाचे प्रौढ शरीर अरीय सममितीचे (मध्याभोवती सारखे) असते आणि त्याची अळी द्विपार्श्व सममितीची (डावी-उजवी बाजू सारखी). जोड्या लावा किंवा दोन विधाने तपासा अशा प्रश्नांत नेमके हेच विचारता येते, आणि नावांची यादी तिथे काहीही मदत करत नाही.

मग लक्ष कशावर द्यायचे, हे त्याच अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलेले आहे. अपृष्ठवंशीय प्राणी संघापर्यंत आणि पृष्ठवंशीय प्राणी वर्गापर्यंत करायचे आहेत. प्रत्येक गटाची तीन ते पाच लक्षणे आणि किमान दोन उदाहरणे अपेक्षित आहेत. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या, पुस्तकात पोरिफेरापासून हेमिकॉर्डाटापर्यंत १० संघ आहेत आणि पृष्ठवंशीयांचे ७ वर्ग आहेत. या १७ गटांची मिळून किमान ३४ नावे होतात. पुस्तकात त्याहून अधिक नावे आहेत आणि तीही वाचावीत, परंतु सममिती, देहगुहा (शरीरातील पोकळी), शरीराचे खंडीभवन आणि हृदयाचे कप्पे यांचा एक तक्ता स्वतःच्या हाताने आखला की नावे आपापल्या जागी बसतात. सममिती आणि देहगुहा तर मराठी माध्यमाच्या मुलांनी दहावीच्या विज्ञानातच शिकलेल्या असतात. वनस्पतींसाठीही शैवालांपासून अनावृतबीजींपर्यंत हेच प्रमाण दिलेले आहे. सायकस आणि पाइनस या दोन अनावृतबीजींपैकी सायकसच्या मुळांत सायनोबॅक्टेरिया आणि पाइनसच्या मुळांत कवक, हा फरक कळला की तो वेगळा घोकावा लागत नाही. स्मृतिसूत्रांना माझा विरोध नाही; वर्गीकरणाच्या पायऱ्यांचा क्रम लक्षात ठेवायला मीही ती शिकवते.

पंचसृष्टीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजच्या विज्ञानात पुरेशी मानली जात नाही, हे खरे आहे, आणि कार्ल वूज यांच्या संशोधनातून तीन अधिक्षेत्रांची (सृष्टीहून वरच्या गटांची) मांडणी पुढे आली, हेही खरे आहे. परंतु नीटच्या अभ्यासक्रमात पंचसृष्टी वर्गीकरण नावानिशी दिलेले आहे आणि परीक्षा त्याच अभ्यासक्रमावर होते.

राहिला हर्बेरियमचा मुद्दा. वर्गीकरणाची ही साधने २०२३-२४ च्या एनसीईआरटी पुस्तकातून वगळण्यात आली आहेत आणि आयोगाच्या वर सांगितलेल्या अभ्यासक्रमातही ती नाहीत. संदेश लिहिणाऱ्याने जुन्या टिपणांतून हा भाग उचलला असावा. भाचीने त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि त्यावर तिचा एक अख्खा रविवार गेला होता.