पासवर्ड बरोबर, तरीही ५३५

मेल रिले, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणारा सर्व्हर, पुरवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक दुखण्यावर ५३५ या ‘लॉगिन नाकारले’ सांगणाऱ्या क्रमांकाची एकच गोळी देणे आता थांबवावे.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. हळदीचे सौदे झाले की खरेदीदारांची बिले तिथल्या पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधून निघतात आणि बाहेरच्या रिलेमार्फत पुढे जातात, कारण दुकानाच्या ब्रॉडबँडवर बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बंद आहे. सुरळीत चाललेली ही व्यवस्था ऐन हंगामात कोलमडली आणि लॉगमध्ये ‘५३५ ५.७.८, ऑथेंटिकेशन फेल्ड’ ही ओळ पुन्हापुन्हा उमटू लागली. म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. त्याच युजरनेमने आणि त्याच पासवर्डने वेबमेल मात्र बिनतक्रार उघडत होते!

अशा वेळी आधी आपल्याच सर्व्हरवर संशय येतो, आणि पोस्टफिक्समध्ये संशयाला जागाही भरपूर आहे. रिलेहोस्टचे, म्हणजे मेल ज्या रिलेकडे सोपवायचे त्याचे, नाव चौकोनी कंसात लिहिले असेल, तर पासवर्डच्या फाइलमध्येही ते कंसासह आणि ५८७ या पोर्टसह जसेच्या तसे असावे लागते. फाइल बदलल्यावर तिचा पोस्टफिक्सला वाचता येणारा तक्ता बनवणारे पोस्टमॅप चालवले नाही, तर जुनाच पासवर्ड जात राहतो. ‘एसएमटीपी’ने (हे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे नाव) सुरू होणारी सेटिंग्ज मेल पाठवण्याची आणि ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणारी स्वीकारण्याची, एका ‘डी’पायी तासन्‌तास जातात. आमच्याकडे हे सगळे जागच्या जागी होते. शेवटी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या साधनाने थेट रिलेवाल्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी केली, ‘ऑथ लॉगिन’ टाइप केले, ३३४ (म्हणजे ‘पुढचे द्या’) आल्यावर बेस६४ या अक्षरसंकेतात बदललेले युजरनेम दिले, पुन्हा ३३४ आल्यावर तसाच पासवर्ड दिला, आणि उत्तर आले तेच, ५३५. या वेळी पोस्टफिक्स मध्ये नव्हतेच.

कंपनीच्या हेल्पलाइनचा सल्ला ठरलेला: “सर, पासवर्ड एकदा रिसेट करून बघा.” केला. त्यामुळे दुकानातल्या अण्णांच्या मोबाइलवरचे आणि दिवाणजींच्या संगणकावरचे मेलही बंद पडले. रिले होता तिथेच राहिला. नंतर फोन उचलणाऱ्याने “आमच्या बाजूने सगळे ओके दिसते आहे” असे सांगून हात झटकले. बऱ्याच मनधरणीनंतर वरच्या माणसाकडे फोन गेला, तेव्हा त्याने अगदी सहज सांगून टाकले, की सुरक्षेसाठी मेलबॉक्सचा पासवर्ड आता एसएमटीपीवर चालत नाही, खात्याच्या वेबवरच्या पॅनेलमधून फक्त अशा प्रोग्रॅमसाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा लागतो. आम्हाला कळवले का नाही? “पॅनेलमध्ये नोटीस होती, सर.” बिले रोज आपोआप जात असताना ते पॅनेल उघडून बघायला कोण बसले आहे?

युजरनेम चुकले की पासवर्ड, हे हल्लेखोराला कळू नये, इतपत मला मान्य आहे. पण मेलबॉक्सचा पासवर्ड इथे चालत नाही, हा नियम काही गुपित नव्हे. मेल सर्व्हरवरच्या लॉगिनचे नियम सांगणाऱ्या २००७ च्या आरएफसी ४९५४ या मानक दस्तऐवजामध्ये ५३५ शिवाय इतरही क्रमांक दिलेले आहेत: पडताळणीची पद्धत धोरणापेक्षा कमकुवत ठरली तर ५३४, बिघाड तात्पुरता असेल तर ४५४. शिवाय क्रमांकापुढे चार शब्द लिहायला जागा असते. तिथे ‘अ‍ॅप पासवर्ड वापरा’ एवढे लिहायला यांचे काय जात होते?

यात भर म्हणजे, रिलेने असे नाकारले तरी पोस्टफिक्स मेल लगेच परत करत नाही. मूळ सेटिंगनुसार ते पाच दिवसांपर्यंत रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे बिलिंगच्या पडद्यावर सगळी बिले ‘पाठवली’ अशीच दिसत होती, आणि पैसे का येत नाहीत म्हणून व्यापाऱ्यांना फोन करणाऱ्या दिवाणजींना उलट “बिल कुठे आहे?” असे ऐकावे लागत होते. त्यांनी बिचाऱ्यांनी एकेका बिलाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अ‍ॅप पासवर्ड टाकताच रांगेतली सगळी बिले एकदम सुटली, आणि आता दोन बिले आली आहेत, पैसे एकदाच द्यायचे ना, अशी विचारणा दिवसभर चालू आहे.